भट्टीमास्तरांचा तळहात

भट्टीमास्तरांच्या घरी नात आली त्याला आठ दिवस झाले होते, आणि या आठ दिवसांत तिचं तोंड सख्ख्या बापानंसुद्धा धड पाहिलं नव्हतं. दिसत होतं ते एक गाठोडं. दोन झबली, लोकरी टोपी, त्यावर शाल आणि त्या शालीला थंडी वाजू नये म्हणून आणखी एक शाल.

मास्तरांनी चाळीस वर्षं बेकरीची भट्टी सांभाळली होती. थर्मामीटर ही वस्तू त्यांच्या लेखी अडाण्यांसाठी होती. भट्टीच्या तोंडाशी तळहात धरायचा आणि म्हणायचं, "टाका आता." पाव कधी करपला नाही. तोच तळहात ते दर तासाला नातीच्या कपाळावर ठेवत आणि निकाल देत, "गार पडलीय पोर. खिडकी लावा."

खिडकी लागे. डोक्यावर पत्रा आणि पत्र्यावर ऊन. कॅलेंडरवर अजून थंडी होती. उन्हानं मात्र कॅलेंडर बघायचं केव्हाच सोडलं होतं.

आठव्या दुपारी सून म्हणाली, "बाबा, सकाळपासून दूध ओढत नाहीये ती. रडतही नाही."

"शहाणी आहे. माझ्यावर गेलीय," मास्तर म्हणाले.

सुनेनं आजवर सासऱ्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही दिलं नाही. गुपचूप मोरीत जाऊन तिनं आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना फोन लावला.

नर्सताई आल्या, गाठोडं सोडू लागल्या. बाळाचं अंग लालबुंद, मान सैल. काखेत थर्मामीटर लावला. एकशे दोन.

"यंत्र बिघडलंय," मास्तर म्हणाले. "तुम्ही बसा, चहा घ्या." आणि शेगडीवर रटरटणारं पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

"मास्तर, फडकं!"

"फडकं कशाला? कोमट तर आहे."

पातेलं घ्यायला सून पुढे झाली, तिनं बोट लावलं आणि "आई गं" म्हणून मागे घेतलं. मास्तर सुनेच्या बोटाकडे बघत राहिले, मग स्वतःच्या तळहाताकडे. तळहात चामड्यासारखा झाला होता. एवढी वर्षं रोज समोर असून तो त्यांनी कधी नीट पाहिला नव्हता.

"भट्टीनं साल जाड केली हो मास्तर," नर्सताई हळूच म्हणाल्या. "या हाताला सगळं जग गारच लागणार."

"म्हणजे पोरीला मी भाजत होतो?"

"मायेनं करत होता. बाळाला ऊब लागतेच, ते खोटं नाही. पण ऊन पूर्वीचं राहिलं नाही. दोन महिने आधी येतं, हलायचं नाव घेत नाही. आपण घाम गाळतो, सावलीला सरकतो. या मुठीएवढ्या जिवाला दोन्ही जमत नाही. आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा, त्यांच्याच बाळांना पहिला चटका. आता चला. एवढ्या लहान बाळाला ताप म्हणजे थेट दवाखाना."

शाली निघाल्या, खिडकी उघडली. रिक्षात सून बाळाला छातीशी धरून बसली आणि ज्या शालीत मास्तरांनी नातीला गुंडाळलं होतं, तीच त्यांनी उन्हाच्या बाजूला पडद्यासारखी ताणून धरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नात अशी रडली, की फाटकावरचा रखवालदार आत डोकावून गेला. डॉक्टर म्हणाले, "तासभर उशीर झाला असता तर..." पुढचं ते बोलले नाहीत, याबद्दल मास्तर आजही त्यांचे उपकार मानतात.

घरी येताच मास्तर शिडी लावून पत्र्यावर चढले आणि पांढरा चुना फासला. मग शेजारच्या पत्र्यावर. मग गल्लीभर. ज्या घरात बाळ असेल तिथे आत जाऊन ते खिडकी उघडायला लावत आणि लोक विचारत, "मास्तर, तुम्ही? परवापर्यंत तर लावायला सांगत होता."

"परवापर्यंत मी हुशार होतो," ते म्हणत.

मंडळी, आपल्यातल्या पुष्कळांचे तळहात असेच आहेत. ते जुन्या ऋतूंत शिकले आणि नव्या ऋतूंत निकाल देत बसले आहेत. बाळाला किती पांघरूण हवं हे घरातल्या मोठ्यांच्या मानाला विचारू नये, बाळाच्या अंगाला विचारावं. आणि ज्या आईला काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, तिचं आधी ऐकावं.

हल्ली मास्तर नातीच्या कपाळाला हात लावत नाहीत. हाक मारतात, "सूनबाई, बघ गं, तुझ्या हाताला कशी लागते?"

ती बघते. "छान आहे, बाबा."

एकदा ते जरा घुटमळले, टोपीशी चाळा करत म्हणाले, "त्या दिवशी माझं ऐकलं नाहीस. फार बरं केलंस, पोरी."