पेणला उतरतं कोण?

परबांच्या खोलीत त्या महिन्यात सगळं बोलणं भिंतींशी चालायचं. "चहा झालाय, कोणाला हवा असेल तर," असं सुभद्रा मोरीकडे तोंड करून सांगायची. "ठेवावा म्हणावं तिथे," असं दगडू परब कॅलेंडरला सांगायचे. दहा बाय बाराच्या खोलीत एवढा मोठा अबोला मावला कसा, याचं शेजारपाजाऱ्यांनाही नवल वाटत होतं.

कारण साधं होतं. परबांचा धाकटा भाऊ वारल्यापासून कणकवलीकडचं गावचं घर बंद होतं. परबांनी त्यावर नवी कौलं घातली, विजेचं काम करून घेतलं आणि शिमग्यानंतर कायमचं तिकडे जाऊन राहायचं ठरवलं. आधी ठरवलं आणि मग सुभद्राला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी लालबाग सोडणार नाही." मग तेही हट्टाला पेटले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर सत्तरीचा नवरा आणि सहासष्टची बायको दोन चुली मांडायला निघाले. सुभद्रा वरवर ठाम होती. पण त्यांचे कपडे वेगळे काढायला बसली की तिचे हात चालत नसत, आणि अर्धी घडी घातलेला सदरा ती परत कपाटात ठेवून द्यायची.

चिंचपोकळीला दिलेली त्यांची मुलगी रुपाली हे सगळं बघून कंटाळली. एका रविवारी येऊन तिने फर्मान काढलं, "तुम्ही दोघं एक दिवस बाहेर जाऊन या."

"कोणाकडे?" दोघांनी एकदम विचारलं. महिन्याभरात दोघांचं जुळलेलं ते पहिलंच वाक्य.

"कोणाकडे नाही. फिरायला!"

आता आली पंचाईत. परबांच्या जगात गावं दोनच, एक मुंबई आणि एक गाव. मधलं जे काही असतं ते एसटीच्या खिडकीतून बघायचं असतं. बारसं, लग्न किंवा दिवसकार्य नसताना उगाच एखाद्या गावात जाऊन उभं राहायचं, हे दोघांच्याही कल्पनेबाहेरचं होतं.

"पेणला जाऊ," सुभद्रा म्हणाली.

पेणच का, ते परबांना नेमकं कळलं आणि ते कान खाजवायला लागले. गावच्या गाडीला पेणच्या स्टँडवर दहा मिनिटांचा थांबा असायचा. दर वर्षी सुभद्रा विचारायची, "जरा उतरूया का? पाय मोकळे करू." आणि दर वर्षी परब म्हणायचे, "पेणला उतरतं कोण? गाडी सुटेल." असं चव्वेचाळीस वर्षं चाललं होतं.

बुधवारी सकाळी दोघं परळच्या डेपोतून निघाले आणि साडेअकराला पेणच्या स्टँडवर उतरले. त्यांना सोडून गाडी खरंच पुढे निघून गेली. परब तिच्याकडे बघतच राहिले, जणू सामान आतच राहिलंय. बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कोणाकडे जायचंय काका?"

"कोणाकडे नाही."

"मग?"

परबांनी सुभद्राकडे पाहिलं. सुभद्राच म्हणाली, "फिरायला आलोय आम्ही." बोलली आणि लाजली. मुंबईच्या माणसाने पेणला फिरायला यावं, हे बहुतेक रिक्षावाल्यालाही पटलं नाही. त्याने मान हलवली आणि दुसरं गिऱ्हाईक शोधलं.

मग दोघं चालतच निघाले. परब चार पावलं पुढे, सुभद्रा मागे. एका अंगणात पोह्यांचे पापड वाळत घातले होते. ती थांबून बघत राहिली, पुढे जाऊन परबही थांबले. एका म्हाताऱ्याने ओटीवरून विचारलं, "गाव कुठलं?" परब म्हणाले, "कणकवलीकडे." त्याच वेळी सुभद्रा म्हणाली, "लालबाग." म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. भांडणात पडण्याचं त्याचं वय नव्हतं, तो पापड उलटायला उठला.

एक वाजता भूक लागली तेव्हा लतिका म्हात्रे नावाच्या बाईंची खानावळ सापडली. घराच्याच पडवीत चार टेबलं मांडलेली. बसण्याआधी सुभद्राने पिशवीतून चिवड्याचा पुडा काढून बाईंच्या हातात दिला. "लालबागचा आहे. मुलांना द्या."

"अहो, मला कशाला?"

"दारात आले तुमच्या. रिकाम्या हाताने कशी येऊ?"

परबांनी कपाळाला हात लावला. पण लतिकाबाई हसल्या आणि त्यांनी पुडा घरात नेऊन ठेवला.

ताटं आली. पावट्याची आमटी, भाकरी, भात, तळलेली मांदेली. परब जेवायला लागले. सुभद्रा ताटाला हात न लावता बसली होती. परबांची भाकरी संपत आली तशी ती अर्धवट उठली, इकडेतिकडे बघितलं, इथे वाढायला आपल्या हातात काही नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि पुन्हा बसली. तेवढ्यात लतिकाबाईंनी तिच्याच ताटात गरम भाकरी टाकली. "काकू, तुम्ही सुरू करा ना! निवतंय."

सुभद्रा जेवली. सावकाश, दोनदा आमटी मागून घेऊन जेवली. आणि जेवण झाल्यावर, कोणाला काही कळायच्या आत, तिने दोन्ही ताटं एकावर एक रचली, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाचंही ताट उचललं आणि पदर खोचून मागच्या मोरीकडे निघाली.

"अहो काकू! ठेवा, ठेवा!" लतिकाबाई ओरडल्या. "गिऱ्हाईक आहात तुम्ही!"

पडवीतली माणसं हसली. सुभद्राही हसली, पण तिचा चेहरा लाल झाला होता. परब मात्र हसले नाहीत. हात धुवून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

गावात तळं होतं. तळ्याच्या काठी पिंपळाखालच्या पारावर दोघं बसले. परब म्हणाले, "ताटं कशाला उचललीस गो?" या वेळी ते भिंतीशी नाही, तिच्याशी बोलले होते.

"सवय."

"लालबागला तर जेवलेलं ताट मी उचलतो माझं."

"लालबागला उचलता." सुभद्रा तळ्याकडे बघत म्हणाली. "पडवीत पंगत बसली की मला तुमच्या घरची पडवी दिसते. तीस माणसांची. तुम्ही सगळे उठलात की मग आम्ही बायका. तेव्हा भाकरी कधी गरम मिळाली नाही मला. आज मिळाली."

परबांनी पारावरचं वाळकं पिंपळपान उचललं.

"तुम्ही मे महिन्यात निघायचात ना, तेव्हा सगळ्या चाळीला सांगत सुटायचात, गावाला जातो म्हणून. आंबे, फणस, नदीची आंघोळ. मी कधी तसं म्हटलंय? आठवून बघा. मी नेहमी म्हणायचे, सासरी जाते." ती त्यांच्याकडे वळली. "ते तुमचं गाव आहे. माझं सासर आहे. पहाटे चारला उठायचं, विहिरीवर जायचं, वाटण घालायचं, आणि परत मुंबईला आल्यावर मैत्रिणींनी विचारायचं, काय, मजा केलीस ना? सासू गेली, जावा गेल्या, घर रिकामं झालं. तरी त्या उंबऱ्यातून आत गेले की माझा हात आपोआप पदराकडे जातो. लालबागला मला सगळे सुभद्राताई म्हणतात. भजनात पेटी मी धरते. या वयात पुन्हा सून व्हायला मला नका नेऊ हो."

एवढं ती एका दमात कधीच बोलली नव्हती. परबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. त्यांना वाटत होतं हिला मुंबईची चटक लागलीय, माडीवरचा नळ, दारात भाजी. चव्वेचाळीस वर्षं एकाच गाडीत शेजारी बसून आपण दोघं दोन वेगळ्या ठिकाणी जात होतो, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"माका म्हायत नव्हता," ते म्हणाले. गळ्याशी आलं की त्यांना मालवणीच सुचायची.

"विचारलंत कधी?"

"नाय."

मग तेच म्हणाले, "माझं पण ऐक. इथे मी सकाळपासून गॅलरीत बसतो. मिल गेली, मग शाळेची शिपायाची नोकरी सुटली. पायाखालून लोक जातात-येतात, कोणाचं माझ्यावाचून अडत नाही. तिकडे निदान एक घर तरी माझ्यावाचून पडलं असतं."

हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. भर दुपारी, परक्या गावात, रस्त्यावर. इथे ओळखीचं कोणी नव्हतं तेच बरं झालं.

परतीच्या गाडीला तास होता. पेणला येऊन गणपतीचा कारखाना बघितला नाही तर रुपाली हसेल, म्हणून ते एका आळीत शिरले. लालबागच्या प्रसिद्ध गणपतीच्या गणेशगल्लीशेजारी जन्म काढलेली माणसं पेणला गणपती बघायला आली होती. कारखान्यात ओळीने पांढऱ्या मूर्ती मांडल्या होत्या, रंग न दिलेल्या. नम्रता नावाची चाळिशीची बाई रंगवून झालेल्या एका मूर्तीचे डोळे आखत होती. तिचा हात थांबेपर्यंत दोघंही श्वास धरून उभी राहिली.

"आतापासून नोंदणी चालू आहे," ब्रश बाजूला ठेवत ती म्हणाली. "घरी बसतो ना तुमचा?"

"बसतो. गावी," परब म्हणाले. "दीड दिवसाचा."

"राहता गावीच?"

दोघंही मूर्तींकडे बघायला लागली. नम्रताला यात काही नवं नव्हतं. कोकणातल्या किती घरांचे वाटे तिने मूर्तींच्या नोंदीतून बघितले असतील. तिने वही ओढली आणि अगदी सहज, रंग कुठला हवा असं विचारावं तसं विचारलं, "चूल एकच आहे की वेगळ्या झाल्या? वेगळ्या असतील तर दोन मूर्ती लिहिते. चूल वेगळी झाली की आमच्याकडे दोन नेतात."

महिनाभर हीच गोष्ट सुभद्रा स्वतःला समजावत होती, की काय होतंय, येऊन जाऊन राहू, फोन आहेत. पण वहीत दोन मूर्ती लिहायच्या म्हटल्यावर ती समजूत टिकेना. तिने परबांकडे पाहिलंच नाही. समोरच्या मूर्तीच्या अर्ध्या आखलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"एक," परब म्हणाले.

"पक्कं?"

"चूल एकच आहे. लालबागला." त्यांनी पुन्हा सांगितलं. "लालबागला. पत्ता लिहून घ्या, खोली नंबर बावीस."

नम्रताने लिहायला पेन टेकवलं. सुभद्राने पटकन पुढे होऊन वहीवर हात ठेवला.

"थांबा. चूल लालबागला, पण गणपती गावीच. यांच्या आजोबांपासून तिथे बसतो, तो हलायचा नाही." मग ती परबांकडे वळली. "आपण दोघं जाऊ. आधी आठ दिवस, नंतर आठ दिवस. घर उघडू, दिवा लावू, आणि परत येऊ. दर महिन्याला जायचं म्हणालात तरी येईन. पण पाहुणी म्हणून येईन."

परबांनी मान हलवली.

"पाहुणी म्हणजे कळलं ना? मोदक तुम्ही वळायचे."

"मी?" परब घाबरलेच. "अगो, मला येत नाहीत वळता."

"सात महिने आहेत अजून," सुभद्रा म्हणाली. "शिकवीन मी."