गोखरूची पुडी आणि पाण्याची गोळी

पाय सुजून चपला चढेनात, तरी मास्तरांनी शिलाई मशीन सोडलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली. सूज हळूहळू उतरू लागली, पण मास्तरांना दम कुठला निघतोय!

त्यांची सून प्रयोगशाळेत कामाला होती. जुन्या औषधी वनस्पतींमधली कोणती द्रव्यं लघवी वाढवतात, ते ती तपासायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "मूत्रपिंड रक्त गाळतं आणि गाळलेलं बहुतेक पाणी परत ओढून घेतं, बाबा. गोखरूतली काही द्रव्यं मीठ परत ओढू देत नसावीत. मीठ बाहेर चाललं की पाणीही त्याच्यामागे जातं."

"नसावीत म्हणजे?"

"म्हणजे अजून तपासतोय."

मास्तरांनी नेमकं तेवढंच कानाआड केलं. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या झाडपाल्याच्या दुकानातून गोखरूची पुडी आणली आणि गोळीच्या जोडीला गुपचूप काढा सुरू केला. घरचीच विद्या, मग विचारायचं कोणाला?

चारपाच दिवसांत पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तोंडाला कोरड पडली. नवव्या दिवशी कापड बेतताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातल्या कात्रीसकट ते खाली बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. सून शेजारीच उभी होती. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

तेवढ्यात झाडपाल्यावाली धापा टाकत दारात आली. मास्तर पडल्याचं इस्त्रीवाल्याकडून कळताच ती दुकानाचं शटर ओढून निघाली होती. तिने एक पुडी डॉक्टरीणबाईंच्या हातात ठेवली.

"हा गोखरू. नऊ दिवसांत यांनी अशा तीन पुड्या नेल्या. दुसरं औषध चालू आहे का, ते मी विचारायला हवं होतं. मला काय बोलायचं ते बोला, पण पोटात काय गेलंय ते तुम्हाला कळलेलं बरं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिला काही बोलू नका. चोरून घेणारा मी."

रक्त तपासलं, तर शरीरातले क्षार फारच उतरलेले. पाणी गरजेपेक्षा जास्त उपसलं गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी काढा बंद केला, गोळी थोडे दिवस थांबवली, बेताबेताने सलाईन लावलं. "नेमकं कळलं म्हणून बरं. नाहीतर अंधारात चाचपडत बसलो असतो," त्या म्हणाल्या.

सून रागावली नाही. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "बाबा, उंदरालासुद्धा मी मोजून मापून देते हो. तुम्ही तर मुठीने घेतलंत." मास्तरांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

दहाबारा दिवसांनी ते काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. आभाराचं बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं, ते ऐन वेळी आठवेना.

"तू आलीस," एवढंच म्हणाले.

"वाटेत दोनदा परत फिरले होते," ती म्हणाली. "सगळे माझ्यावर तुटून पडतील, असं वाटत होतं."

"तरी आलीस."

तिने स्टूल पुढे सरकवलं. इतक्यात कोणीतरी काढ्याचं काही मागायला आलं. पुडी बांधण्याआधी तिने विचारलं, "डॉक्टरांची कुठली गोळी चालू आहे का?" गिऱ्हाईक जरा घुटमळलं, तसे मास्तर स्टुलावरूनच म्हणाले, "सांगून टाका. लपवण्यात काही राम नाही."