भांग कुठल्या बाजूला?

"गार लागेल हं थोडं. आता कपाळ पुसतेय," डिंकताई मास्तरांना सांगत होत्या. मास्तर म्हणजे मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून आठ महिने निपचित पडलेले एक शिंपी. डोळे उघडे असायचे, पण हाक मारली तर पापणीही हलायची नाही.

डिंकताई आमच्या विभागातल्या टेक्निशियन. मेंदूचा आलेख काढण्यासाठी डोक्यावर एकवीस चकत्या चिकटवायच्या, हे काम त्या तीस वर्षं करत होत्या, म्हणून हे नाव. फितीने डोकं मोजायचं, तांबड्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि प्रत्येक गोष्ट आधी पेशंटला सांगायची, मग तो शुद्धीत असो वा नसो. आम्ही डॉक्टर मंडळी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

"काय ताई, पेशंटनं चहा मागितला का?" मी एकदा विचारलं होतं.

"तुमचं तोंड बघून मागायचा राहिला असेल," त्या म्हणाल्या.

काम संपलं की कोमट पाण्याने केसांतला चिकटा काढायचा, कंगवा घ्यायचा आणि नातेवाइकांना विचारायचं, "भांग कुठल्या बाजूला?" माणूस आला तसाच परत गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

त्या दिवशीची तपासणी माझी होती. अशा निपचित पेशंटांपैकी काही जणांना आतून सगळं कळत असतं, असं नव्या संशोधनात दिसू लागलं आहे. मूठ मिटल्याची कल्पना करा असं सांगितलं, तर हात हलत नाही, पण मेंदूच्या लाटा खाली बसतात. मी सूचना ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. तपासणी चालू असताना खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा माझा नियम.

मास्तरांची बायको दाराशी उभी होती. आज काही निघालं नाही, तर त्यांना दूरच्या शुश्रूषाकेंद्रात कायमचं हलवायचं, असं तिच्या दिराने ठरवून टाकलं होतं.

"मी ह्यांच्याशी बोलत बसते, तर भावजी म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली. "डॉक्टर, एवढंच सांगा, ह्यांना ऐकू येतं का?"

चाळीस मिनिटं माझा आवाज 'उजव्या हाताची मूठ मिटत आहात अशी कल्पना करा' असं बजावत राहिला. लाटा ढिम्म हलल्या नाहीत. मी नकारार्थी मान हलवली. तिने बाकावरची पिशवी उचलली.

"डॉक्टर, ह्यांच्या अंगठ्याला घट्टा आहे," डिंकताई म्हणाल्या. "मघाशी हात पुसताना लागला."

"मग?"

"मग मूठ काय मिटायला लावताय? या माणसाचा हात कधी रिकामा राहिलाय का?" आणि मी काही म्हणायच्या आत त्या मास्तरांच्या कानाशी वाकल्या. "मास्तर, टेबलावर कापड पसरलंय. खडूची रेघ मारून झालीय. चालवा कात्री."

"ताई, नियम!" मी ओरडलो. आणि माझी नजर संगणकाच्या पडद्यावर गेली. डोक्याच्या डाव्या बाजूच्या, म्हणजे उजवा हात सांभाळणाऱ्या भागातल्या लाटा बसल्या होत्या.

"थांबा, मास्तर." लाटा पुन्हा उठल्या.

योगायोग असेल म्हणून मी चिठ्ठ्या काढून वीस वेळा करायला लावलं, कधी कात्री, कधी विश्रांती. संगणकाने नुसत्या लाटांवरून सतरा वेळा बरोबर ओळखलं. इतकी वर्षं शिकून मी सगळ्यांच्या मुठी सारख्याच धरल्या होत्या. मला माझीच लाज वाटली, आणि या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

बायकोला मी वीसपैकी सतरा वगैरे आकडेच सांगत बसलो. शेवटी ताईंनीच सांगितलं, "येतं हो ऐकू."

ती खाटेच्या कडेवर बसली. नवऱ्याच्या तोंडाकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मग भावजी परवा इथं उभं राहून जे बोलले, तेही ऐकलंत?"

मी घाईघाईने कागद ओढला. दुखतंय का, किती आठवतंय, कितीतरी महत्त्वाचे प्रश्न विचारायचे होते. ताईंनी कोमट पाण्याचं भांडं खाटेजवळ ठेवलं. चकत्या मात्र काढल्या नाहीत.

"आधी माझा एक प्रश्न," त्या म्हणाल्या. "भांग कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," बायको सवयीने म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं, वहिनी." त्या पुन्हा वाकल्या. "मास्तर, डावीकडे हवा असेल, तर चालवा कात्री. नको असेल, तर स्वस्थ पडा. घाई नाही."

आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने लाटा बसल्या.

ताईंनी कंगवा पाण्यात बुडवला.