पाठ केलेली उत्तरं

इसामु तोगाशीच्या कपाळाचं एके काळी बर्मिंगहॅममध्ये फार कौतुक होतं. नीगाताहून तेविसाव्या वर्षी आलेला हा डिफेंडर वरून येईल तो बॉल डोक्यानं परतवायचा. अकरा सीझन त्यानं हेच केलं. चाहत्यांनी त्याच्यावर गाणं रचलं. त्यात त्याचं नावसुद्धा धड म्हणत नव्हते, तरी स्वारी खूश. मग गुडघे गेले, गाणं बंद झालं, आणि बायको मुलीला घेऊन नीगाताला परतली. तो मात्र राहिला. फुटबॉलखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं, एवढंच त्याचं कारण. मुलांना शिकवलं, दोन-तीन क्लबांत असिस्टंट म्हणून राबला, आणि एक्कावन्नाव्या वर्षी एल्मब्रूक टाउन नावाच्या लहानशा क्लबचा मॅनेजर झाला.

मॅनेजर म्हणजे कोणी मोठी असामी असं आपल्याला वाटतं. एल्मब्रूकचा मॅनेजर गोलच्या जाळ्याही स्वतःच बांधायचा. खेळाडू त्याला ‘गॅफर’, म्हणजे साहेब, म्हणायचे आणि मॅच संपली की आपापल्या घरी जायचे. तो फ्लॅटवर जाऊन मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायचा. रविवार तर तोंडातून एक शब्दही न काढता सरायचा. त्याला फार एकटं वाटायचं, आणि तेही सांगायला कोणी नव्हतं.

हल्ली त्यात आणखी एक भर पडली होती. दोन आठवड्यांपूर्वी तो बसनं घरी म्हणून निघाला आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या घरी जाऊन पोचला. किल्ली लागेना म्हणून कुलपाशी झटापट करत होता, तर आतून एका अनोळखी बाईनं दार उघडलं. थकलोय, दुसरं काही नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. माणूस स्वतःची वाटेल ती समजूत घालू शकतो.

त्या शनिवारी चेअरमननं त्याला स्पष्ट बजावलं होतं, की आज हरलात तर सोमवारपासून येऊ नका. एल्मब्रूक एका गोलनं पुढे होतं, अकरा मिनिटं उरली होती. तेवढ्यात कॅप्टन देवचं डोकं समोरच्या स्ट्रायकरच्या डोक्यावर आपटलं. देव मूळचा लंडनच्या पिनर भागातला, आठवडाभर इथल्या शाळेत गणित शिकवणारा, आणि टीमच्या बचावाचा सगळा भार त्याच्यावर. तो पडला आणि लगेच उठला. बेंचवर एकही बदली खेळाडू उरला नव्हता.

क्लबच्या डॉक्टर अनुराधाबाई पुण्याहून तीस वर्षांपूर्वी आलेल्या. आठवडाभर आपले पेशंट तपासायच्या आणि शनिवारी हौसेनं इथे यायच्या. टक्कर झाली तेव्हा त्या दुसऱ्या खेळाडूचा घोटा बांधत होत्या, त्यामुळे त्यांना ती नीट दिसली नव्हती. त्यांनी देवला लाइनबाहेर आणून, डोक्याला मार बसला की शुद्ध तपासायचे ठरलेले पाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मैदान कुठलं, हाफ कितवा, शेवटचा गोल कोणी केला, गेल्या आठवड्यात कोणाशी खेळलो, जिंकलो का.

तोगाशी शेजारीच उभा होता. खेळायच्या दिवसांत तो या प्रश्नांची उत्तरं मॅचला जाताना बसमध्येच घोकून ठेवायचा. हाफ बदलला किंवा गोल झाला की तेवढं उत्तर बदलायचं. डोळ्यांपुढे अंधारी असताना त्यानं कितीदा तरी पाचही उत्तरं घडाघडा म्हटली होती आणि परत मैदानात गेला होता. ऑगस्टमध्ये हा पराक्रम त्यानं मोठ्या ऐटीत खेळाडूंना सांगितला, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

देवनं पाचवं उत्तर प्रश्नाआधीच देऊन टाकलं. “जिंकलो, टू-वन. काकू, आय ॲम फाइन, मला जाऊ द्या ना.”

अनुराधाबाईंनी त्याचे डोळे तपासले आणि जायला हरकत नाही असं सांगायच्या बेतात आल्या. पण तोगाशीनं काय ते ओळखलं होतं. शिवाय देवनं गेल्या आठवड्यातल्या समोरच्या टीमचं नाव घेतलं, ते त्याला ओळखीचंच वाटेना. त्या मॅचला आपली टीम त्यानं स्वतःच निवडली असणार. ना मैदान आठवलं, ना समोरच्यांच्या शर्टांचा रंग. तो घाबरला.

गप्प राहिला असता तर अकरा मिनिटांचाच प्रश्न होता. नोकरी टिकली असती, आणि त्याच्याशी बोलणारी सगळी माणसं त्या नोकरीतच होती.

“डॉक्टर, याला सोडू नका,” तो म्हणाला. “यानं उत्तरं पाठ केली आहेत. मीच शिकवलंय.”

देव भडकला. गॅफरना हरायचंय का, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. अनुराधाबाईंनी तोगाशीला विचारलं, की तुम्ही एवढ्या खात्रीनं कसं सांगता.

“अकरा वर्षं मी तेच केलं. आता मला विचारा.”

त्यांनी चौथा प्रश्न विचारला, गेल्या आठवड्यात कोणाशी खेळलो. मिनिटापूर्वी देवनं त्याच्या कानाशी ते नाव घेतलं होतं. तोगाशीला ते आठवेना. त्यानं नकारार्थी मान हलवली. देव खाली बसला आणि बुटांचे बंद सोडू लागला.

उरलेल्या दहा जणांनी दोन गोल खाल्ले. तोगाशी शिट्टी होईपर्यंत उभा होता. चेअरमन त्याच्याकडे न बघता निघून गेला.

अनुराधाबाई एक फॉर्म घेऊन त्याच्याजवळ आल्या. तपासण्या कराव्या लागतील, सोबत कोणीतरी हवं, असं त्या हलक्या आवाजात सांगत होत्या. घरी कोण असतं, फोन कोणाला करायचा, असं त्यांनी विचारलं.

“माझ्याशी बोलणारे सगळे त्या ड्रेसिंग रूममध्ये आहेत,” तो म्हणाला. “सोमवारपासून तेही नाहीत.”

अनुराधाबाईंनी पेन उघडलं आणि फॉर्ममधल्या त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.