काळ्या मातीवरची गढी

बुरुजाच्या आतल्या भिंतीवरची काचेची पट्टी मधोमध तडकली होती. एकनाथ देशकर गुडघ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिला. भिंतीतली चीर वाढते आहे का, हे कळावं म्हणून सोमवारी त्यानंच ती पट्टी चिरेवर आडवी चिकटवली होती. आज गुरुवार होता.

"उन्हानं तडकली असेल," मागून रामोन म्हणाला. तो गवंड्यांचा मुकादम, मेक्सिकोहून आलेला.

"इथं ऊन येतं कुठं?"

खरंच येत नव्हतं. भिंत चार फूट जाड, आणि उजेडाला वाट फक्त बाण मारायला ठेवलेल्या हातभर उंचीच्या जंग्यांतून. साडेपाचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या कुणा लहानशा जहागीरदारानं इंग्रजांच्या टोळ्यांच्या धास्तीनं ही गढी बांधली होती. म्हटलं तर राहायचं घर, पण चिलखत घालून बसलेलं. भोवती खंदक, दाराच्या बरोबर वर दगड टाकायला भोकं, आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा बुरुजातला गोल जिना. टेक्सासच्या एका तेलवाल्यानं ती विकत घेतली, दगड न् दगड सुटा करून जहाजानं आणली आणि प्लेनोबाहेरच्या माळावर पुन्हा उभी करवली. कुठला दगड कुठं बसायचा, हे नकाशावर मांडायचं काम १९८३ पासून तीन वर्षं एकनाथकडे होतं. ऑफिसातला साधा ड्राफ्ट्समन तो. बावन्न वर्षांचा, बढतीच्या यादीत कधी नाव न आलेला. पण या गढीचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ होता.

फ्रान्समध्ये ती कातळावर उभी होती. इथं खाली काळी माती. एकनाथ अकोल्याकडचा, ही माती त्याच्या ओळखीची. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात, आणि पाणी प्यायली की ती फुगते, वर असेल ते उचलून धरते. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. तशात मालकांच्या हौसेखातर पंधरा दिवसांपूर्वी खंदक भरला होता, आणि त्यातलं पाणी रोज बोटभर उतरत होतं. बुरुजाच्या पायाशीच ते कुठंतरी मुरत होतं.

त्यानं उंची तपासायची लेव्हल लावली. बुरुजाचा बाहेरचा कोपरा पाऊण इंच वर आला होता.

"फाउंडेशन इंजिनिअरनं साइन केलंय, नाथ," त्याचा बॉस डग म्हणाला. "तू ड्राफ्ट्समन आहेस."

"खंदक नंतर ठरला, डग. ते डिझाइन कोरड्या जमिनीचं आहे. पाणी काढा आणि बुरूज बंद ठेवा."

"शनिवारी दोनशे गेस्ट येतायत. एका काचेसाठी ओपनिंग कॅन्सल करू?"

घरी शोभानं सगळं ऐकून घेतलं. "अहो, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? मग तुमचं काम झालं. नोकरी गेली तर या वयात कोण घेणार आहे तुम्हाला?"

एकनाथ हात धुवायला उठला. ताटातला भात मात्र तसाच राहिला.

शनिवारी सकाळी तो टाय लावून गेला, बुरुजाचं दार लावलं आणि दारापुढं उभा राहिला. पाहुणे थबकले. मालक स्वतः आले.

"हे माझं घर आहे."

"हो सर. पण आज आत कुणी जायचं नाही."

दोन गार्डांनी त्याला दंडांना धरून पार्किंगपर्यंत नेलं. वाटेत रामोन दिसला. "तुझ्या माणसांना आत बसू देऊ नको," एकनाथ एवढंच बोलू शकला. डगनं मान फिरवली. सोमवारी एकनाथला टेबल रिकामं करायला सांगितलं.

त्या शनिवारी पाहुणे हसत-खिदळत जिना चढले, उतरले. काहीच झालं नाही. पुढंही दिवसांमागून दिवस गेले, तरी काही नाही. एकनाथ रोज पेपर उघडून बघायचा आणि हिरमुसायचा. एकदा त्याचं त्यालाच उमगलं, की आपण कशाची वाट बघतोय. त्यानं पेपर मिटून ठेवला.

बाराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात रामोन. भुवयांपर्यंत पांढरी धूळ.

"कुंपणाचं काम अजून चालू आहे. माझी पाचही माणसं रोज बुरुजात जेवायची. आत गार असतं," तो म्हणाला. "त्या शनिवारपासून मी त्यांना गेटबाहेर, पेकनच्या झाडाखाली बसवतो. उकाड्यानं मला शिव्या द्यायचे. आज जेवताना कापड फाटावं तसा आवाज आला आणि जिना सगळाच्या सगळा खाली बसला. अर्धी भिंतही गेली."

"माणसं?"

रामोननं मागं बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे ट्रक उभा होता. "इथं यायचंच म्हणाले."

"अहो, उन्हात काय ठेवलंय त्यांना? आत बोलवा," शोभा आतून म्हणाली. तिनं मोठं पातेलं चहाला चढवलं होतं.

एकनाथ अनवाणीच रस्ता ओलांडून गेला. माणसांनी टोप्या काढल्या. एकाच्या हातात अर्धी खाल्लेली पोळी अजून तशीच होती. एकनाथनं एकेकाच्या खांद्याला हात लावत मनाशी मोजलं. पाच. मग ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडून त्यानं सगळ्यात म्हाताऱ्याला उतरायला हात दिला.