थोर माणसाच्या चुका पुसताना

मी खोडरबर बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळकरी पोराच्या दप्तरात जाईन, चावला जाईन, हरवेन. पण नशीब थोर. वाफेवरचा पंप बनवणाऱ्या एका विख्यात संशोधकाच्या कागदपत्रांचं जतन आणि प्रकाशन करणाऱ्या मंडळात माझी वर्णी लागली. जतन कशाला म्हणतात, ते तिथे कळलं.

या संशोधकांची रीत साधी होती. अंदाज पेन्सिलीने मांडायचा, खात्री पटली की शाईने लिहायचं. साहजिकच पेन्सिल फार, शाई थोडी. त्यांच्या मुलीने कागदांची ट्रंक मंडळाला दिली ती एकाच अटीवर: छापाल तर चुकांसकट छापा. अध्यक्षांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

मला आणलं होतं कागदांवरची धूळ काढायला.

"सर, पेन्सिलीचंही पुसायचं?" मदतनीस बाईंनी विचारलं.

"मग काय तर," अध्यक्ष म्हणाले. "एवढ्या मोठ्या माणसाच्या बेरजा चुकलेल्या दिसल्या, तर लोक काय म्हणतील?"

"माणूस होता म्हणतील."

"तेच नकोय."

झालं. फुटलेल्या झडपा, फसलेले आराखडे, सगळं मी गिळलं. मी झिजत गेलो, ते थोर होत गेले.

छपाईआधी मुलगी संमतीची सही द्यायला आली. पानं उलटता उलटता थबकली.

"बाबांच्या भुवया जळाल्या, त्या दिवसाचं पान हेच ना? इथे खाली लिहिलं होतं, झडप उलटी बसवून बघू. त्यामुळेच तर पंप चालला."

"चालला, हे शाईत आहेच की, ताई," अध्यक्ष म्हणाले. "चहा घ्या."

"कसा चालला, ते कुठाय?"

अध्यक्षांनी बिस्किटं पुढे केली.

तिने पान खिडकीशी तिरपं धरलं. शिसं मी नेलं होतं, पण पेन्सिल दाबून दाबून कागदावर उठलेले वळ माझ्याच्याने गेले नव्हते. त्यांवर बोट फिरवत ती एकेक अक्षर वाचू लागली. मदतनीस बाई मुकाट्याने लिहून घेऊ लागल्या.

"ताई, तेवढी सही..."

"सगळं वाचून झालं की."

"अहो, वर्ष जाईल."

"जाऊ दे. बाबांचा जन्म गेला यात."

मी आता नखाएवढा उरलोय. खुशाल फेकून द्या, तक्रार नाही. फक्त माझ्या जागी नवा मागवू नका. धूळ झटकायला ब्रश पुरतो.