बावचीचं ऊन

वनमालाच्या बोटांवर कोड उठलं, त्याला बरीच वर्षं झाली. देवाच्या मनात असेल तसं, म्हणून ती गप्प होती. पण गेल्या गणपतीत मालाडच्या घरी थोरल्या जाऊबाईंनी, जानकीनं, उकडीची परात तिच्यासमोरून हळूच सरकवली. "तू बस गं, दमली असशील." वनमाला दमली नव्हती. त्या दिवसापासून मात्र दमत गेली.

यंदा मोदकांना हात लावायचाच, म्हणून तिनं वैद्यांकडून बावचीचं तेल आणलं. "डागांवर लावा, सकाळचं ऊन पाच मिनिटं घ्या, लगेच धुवा," वैद्य म्हणाले. "उन्हानंच रंग भरतो, पण जास्त झालं तर भाजतं." तिच्या चारकोपच्या घराच्या गॅलरीत श्रावणात ऊन कुठलं? रोज तेल, रोज आभाळ. बोटं खडूसारखी ती खडूसारखीच.

शेवटच्या रविवारी लख्ख उजाडलं. रविवारी तिचं आदित्याचं व्रत, पूजा होईपर्यंत मौन. तेल लावून तिनं गॅलरीत पाट मांडला, विड्याच्या पानावर रक्तचंदनानं सूर्य काढला आणि जप धरला.

"आई, हात धू ना," मुलगी निधी दारातून म्हणाली. वनमालानं नुसती मान हलवली. देव स्वतः समोर आलाय, उठायचं कसं? "वाट लागेल हां हातांची." तिनं डोळे मिटले. ऊन चढत गेलं.

त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटं लालबुंद झाली आणि मग टरारून फोड आले.

"तुझ्या देवानंच भाजलं बघ," निधी मलम लावताना पुटपुटली.

"त्याला नको बोलूस. वेळ माझी चुकली."

गणपतीपर्यंत फोड बसले, पण खालची कातडी कोवळी होती.

"तू बस गं," जानकी म्हणाली. वनमाला बसली, पण परातीशीच.

"वहिनी, एकच करते."

"अगं, हात बघ. काय केलंस हे?"

"औषध लावत होते. तुम्ही परात सरकवलीत ना, म्हणून."

जानकी पदराला हात पुसत राहिली. "लोक बघतात गं."

"बघू देत."

गरम उकड बोटांना चावली. कळ्या कशाबशा जमल्या, शेंडा वाकडाच आला. जानकीनं तो मोदक उचलून मोदकपात्रात मधोमध ठेवला. मग थंड पाण्याची वाटी आणली आणि परात वनमालाकडे सरकवली.

"बोटं बुडवून घे. चटका कमी लागेल."

वनमालानं बोटं बुडवली आणि दुसरा गोळा घेतला.